खान्देशात पावसाचं पाणी विहिरीत उतरवायचं तर

साक्रीकडची विहीर ऑगस्टात काठोकाठ भरते आणि होळी येईपर्यंत तळ दाखवते. त्याच पावसाळ्यात रावेर-यावलच्या बोअरची पातळी वर आल्याचं जाणवतही नाही. उलट पुढच्या मेमध्ये मोटार आणखी खाली सोडायला पाइपाचे दोन तुकडे जोडावे लागतात. पाऊस दोन्हीकडे झालेला असतो. फरक असतो तो जमिनीच्या पोटात. पुनर्भरणाचे खड्डे, नालाबंधारे, शोषखड्डे यांवर पैसा घालण्याआधी आपली विहीर कोणत्या जमिनीत उभी आहे हे कळलं पाहिजे, कारण एका जमिनीत उत्तम चाललेला उपाय दुसऱ्या जमिनीत दोन पावसांत गाळाने बुजतो.

पोटातल्या तीन जमिनी

साक्री, धुळे, पारोळा, चाळीसगाव, पाचोरा, जामनेर या पट्ट्यात मुख्यतः काळा पाषाण आहे. लाव्हाचे थर एकावर एक बसून हा खडक झाला. वरची माती संपली की मुरूम, मग भेगाळलेला खडक, मग एकसंध पाषाण, मध्ये कुठे लाल गेरूचा पट्टा आणि त्याखाली पुन्हा तेच. पाणी साठतं ते मुरमात आणि भेगांत. एकसंध पाषाणात पाण्याला जागाच नसते. म्हणून इथे विहीर खोल नेली म्हणजे पाणी वाढेलच असं नाही, आणि आडवं बोअर मारलं तर ते भेगेला भेटलं तरच उपयोगी पडतं.

तापीच्या दोन्ही काठांना, विशेषतः उत्तरेला शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या भागात नदीचा गाळ आहे. पिवळट माती, वाळू आणि चिकणमाती यांचे थर आलटून पालटून लागतात. कुठे कुठे शेकडो मीटर खाली गेलं तरी खडक लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन खचली आणि नद्यांनी तो खोलगा गाळाने भरला, तो हा पट्टा. केळी उभी आहे ती याच्यावर.

तिसरा पट्टा सातपुड्याच्या अगदी पायथ्याला लागून, काही किलोमीटर रुंदीचा. सुकी, मोर, गूळ, अनेर या नद्या डोंगरातून धावत येतात आणि सपाटी लागताच अंगावरचं ओझं टाकतात. आधी मोठे दगडगोटे, मग खडी, मग रेती. या दगडगोट्यांच्या पट्ट्याला भूशास्त्रज्ञ बझाडा म्हणतात. इथे पूर आलेला ओढा काही अंतरावर डोळ्यांदेखत आटतो, कारण पाणी सरळ खाली उतरतं. खालच्या गाळपट्ट्यातल्या वाळूच्या थरांना पाणी मुख्यतः याच बाजूने मिळतं. टाकी खाली आहे आणि तिचं तोंड डोंगराच्या पायाशी आहे, असं समजा. तापी खोऱ्याच्या महापुनर्भरण योजनेचा करार महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी मे २०२५ मध्ये केला, तिचा सगळा भर याच तोंडावर आहे: पुराचं पाणी पायथ्याने न्यायचं आणि बझाड्यात मुरवायचं.

आपली जमीन कोणती हे ओळखायला यंत्र लागत नाही. विहीर खोदताना निघालेल्या ढिगाऱ्याकडे बघा. मुरूम आणि काळे दगड असतील तर पाषाण. पिवळी माती आणि बारीक रेती असेल तर गाळ. गोल गुळगुळीत गोटे असतील तर बझाडा. बोअर असेल तर मशीनवाल्याने कोणत्या फुटावर काय लागलं ते लिहून घ्या. दहातले नऊ जण हे लिहून घेत नाहीत आणि मग दुसऱ्या बोअरच्या वेळी पुन्हा अंदाजाने पैसे टाकतात.

बादलीचा हिशोब

जमिनीत पाणी किती आहे यापेक्षा ती किती पाणी सोडते हे महत्त्वाचं. १५ लिटरच्या बादलीएवढा मुरमाड पाषाण पाण्याने पूर्ण भरलेला असेल, तर त्यातून निथळून हाती येतं साधारण ३०० मिलिलिटर, म्हणजे २ टक्के. तेवढ्याच गाळमिश्रित रेतीतून दीड लिटर येतं, म्हणजे १० टक्के. स्वच्छ जाड रेतीतून त्याहून जास्त. चिकणमातीत पाणी पुष्कळ असतं, पण ती ते धरून ठेवते, फारच थोडं सोडते.

आता हेच एका हेक्टरवर मांडू. पाषाणात भूजलाची पातळी १ मीटर वर आणायला सुमारे २ लाख लिटर पाणी लागतं. गाळात त्याच १ मीटरला १० लाख लिटर. साक्रीची विहीर चटकन भरते आणि चटकन आटते ती यामुळे. तिथे भांडंच लहान आहे, म्हणून एका शेतातल्या पुनर्भरणाचा परिणाम त्याच हंगामात डोळ्याला दिसतो. यावलला भांडं प्रचंड आहे. एकट्याने खड्डा केला तर पातळी हलताना दिसणार नाही, आणि म्हणून माणसं निराश होऊन तो बुजवतात. पण हाच हिशोब उलट्या बाजूनेही वाचायला हवा. यावलची पातळी १ मीटर खाली गेली, तर दर हेक्टरी १० लाख लिटरची उधारी झाली. ती फेडायला पाषाणातल्या विहिरीच्या पाचपट पाणी मुरवावं लागेल.

केळीचं गणित इथेच बघून घ्यावं, कारण ते टाळून पुनर्भरणाबद्दल बोलणं अर्धवट ठरतं. १.५ बाय १.५ मीटरवर लागवड असेल तर हेक्टरी ४,४४४ झाडं बसतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली मृगबाग असो वा पावसाळा सरताना लावलेली कांदेबाग, ठिबकने दर झाडाला रोजचं सरासरी १२ लिटर धरलं तर दिवसाला ५३ हजार लिटर होतात. पावसाचे शंभर दिवस सोडून उरलेल्या २६५ दिवसांत साधारण १ कोटी ४१ लाख लिटर उपसावे लागतात. दुसऱ्या बाजूला, ७०० मिलिमीटर पावसातला पाचवा हिस्सा गाळाच्या जमिनीत आपोआप मुरतो असं धरलं, तर एका हेक्टरवर १४ लाख लिटर जमा होतात. म्हणजे एक हेक्टर केळीला दहा हेक्टरांवर मुरलेला पाऊस लागतो. ओढ्यानाल्यांतून आणि कालव्यांतून झिरपलेलं पाणी यात थोडी भर घालतं, ठिबकचं थोडं पाणी परत मुरतं, पण केळीखालचं क्षेत्र सलग असेल तिथे तोंडमिळवणी होत नाही. रावेर आणि यावल हे तालुके भूजलाच्या सरकारी मूल्यांकनात अतिशोषित ठरले ते यामुळेच. वर्षभरात भरतं त्याच्या शंभर टक्क्यांहून जास्त उपसलं गेलं की तालुका त्या यादीत जातो.

म्हणून खड्डा खणण्याआधी ठिबक तपासा. झाडाला ४ लिटरचे दोन ड्रिपर असतील तर दीड तासात १२ लिटर पूर्ण होतात. वीज आहे म्हणून मोटार तीन तास चालू ठेवली की २४ लिटर गेले. ड्रिपरखाली एक लिटरची बाटली १५ मिनिटं धरा. ४ लिटरच्या ड्रिपरने ती नेमकी भरली पाहिजे. नळीच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे बघा. शेवटची बाटली पाऊणच भरत असेल तर शेतकरी शेवटच्या झाडासाठी वेळ वाढवतो आणि सुरुवातीची सगळी झाडं जास्तीचं पाणी पितात. नळीची टोकं उघडून धुणं आणि फिल्टरची जाळी साफ करणं या दोन कामांनी वाचणारं पाणी कुठल्याही पुनर्भरण खड्ड्यापेक्षा खात्रीचं आहे.

विहीर मोजायची वही

विहिरीच्या कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि दरवेळी तिथूनच मोजा. टेपला खाली वजन बांधा, शेवटच्या मीटरभर टेपला खडू चोळा. पाण्यात बुडालेला खडू ओला दिसतो, तो आकडा वजा केला की पातळी मिळते. मोटार रात्रभर बंद असलेल्या सकाळीच मोजा, नाहीतर आकडा विहिरीचा नसून उपशाचा येतो. शेजाऱ्याची मोटार चालू होती का, तेही लिहा.

वर्षातून दोन नोंदी चुकवायच्या नाहीत: मे अखेरची आणि ऑक्टोबर अखेरची. पहिली सांगते किती खाली गेलो, दुसरी सांगते पावसाने किती भरून दिलं. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत दर मीटरला सुमारे २८ हजार लिटर पाणी असतं. मोटार बंद केल्यावर १०, ३० आणि ६० मिनिटांनी पातळी किती चढली तेही एकदा मोजा. तो विहिरीच्या झऱ्यांचा वेग. झऱ्यांचा वेग दरवर्षी मेमध्ये कमी होत चालला आणि पातळी मात्र तेवढीच असेल, तर भेगांत गाळ बसतो आहे असं समजावं.

मातकट पाणी विहिरीत का सोडायचं नाही

पुनर्भरणाचं यश एकाच गोष्टीवर ठरतं: पाण्यासोबत आत काय जातं. स्थिर पाण्यात रेतीचा कण (०.२ मिलिमीटर) मीटरभर खाली बसायला मिनिटही घेत नाही. पोयट्याचा कण (०.०२ मिलिमीटर) पाऊण तास घेतो. काळ्या मातीतला चिकणमातीचा कण (०.००२ मिलिमीटर) तीन दिवसांहून जास्त. शेतातून धावत आलेलं पाणी गाळाच्या टाक्यात काही मिनिटंच थांबतं. म्हणजे टाकं रेती अडवतं, जाड पोयटा थोडा अडवतं, आणि ज्याने विहिरीच्या भेगा लिंपल्या जातात ती चिकणमाती तशीच पुढे जाते. कापसाच्या काळ्या वावरातलं पाणी म्हणूनच सगळ्यांत अवघड.

उपाय खड्ड्यात नाही, वावरात आहे. उताराला आडवी पेरणी, बांधबंदिस्ती आणि खड्ड्याकडे येणाऱ्या चारीच्या आधी निदान तीन-चार मीटर रुंद गवताचा पट्टा. गवत पाण्याचा वेग मोडतं, आणि वेग मोडला की माती तिथेच बसते. पहिले दोन मोठे पाऊस खड्ड्यात घ्यायचेच नाहीत. चारीच्या तोंडाशी मातीची पोती ठेवून ते पाणी बाहेर काढून द्यावं. त्या पाण्यात उन्हाळ्यातली सगळी धूळ, शेणखताचे कण आणि फवारणीचा अंश असतो.

तिसऱ्या पावसाचं पाणी एक लिटरच्या पारदर्शक बाटलीत भरा आणि तासभर न हलवता ठेवा. तळाला अर्ध्या सेंटीमीटरहून जाड थर बसला तर अजून थांबा, असं आमचं मत आहे. खत टाकल्यानंतर आणि फवारणीनंतर लगेच आलेलं पावसाचं पाणी कधीच घेऊ नये. गोठ्याकडचं आणि उकिरड्यावरून आलेलंही नको. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ते पाण्यात विरघळलेलं असतं, त्यामुळे वाळूतून गाळून जात नाही आणि उकळूनही निघत नाही. जी विहीर गावाला पिण्याचं पाणी देते तिथे फक्त छपरावरचं पाणी सोडावं. १०० चौरस मीटरच्या छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस झाला, तर थोडी गळती धरूनही ५६ हजार लिटर मिळतात.

गाळण खड्डा, मापांसह

उघड्या विहिरीसाठी दोन खड्डे लागतात. पहिला गाळ बसायला: १.५ मीटर लांब, १ मीटर रुंद, १ मीटर खोल. दुसरा गाळायला: २ मीटर लांब, २ मीटर रुंद, २ मीटर खोल. विहीर बांधलेली असली तरी दुसरा खड्डा तिच्यापासून ३ मीटर तरी दूर हवा. काळ्या मातीत तो जवळ घेतला तर माती फुगून-आकसून विहिरीच्या बांधकामावर दाब येतो, आणि बांधकाम नसलेली विहीर तर ढासळतेच.

मोठ्या खड्ड्याच्या तळातून ६ इंची पीव्हीसी पाइप विहिरीकडे थोड्या उताराने न्या. पाइपाचं खड्ड्यातलं तोंड जाळीने बांधा. विहिरीत तो भिंतीबाहेर फूटभर पुढे काढा आणि टोकाला खाली वळणारा एल्बो बसवा, म्हणजे पाणी भिंतीवर आपटून चुना-माती सोडवणार नाही. मग खालून वर भरत या: ४० सेंटीमीटर मुठीएवढे-दोन मुठींएवढे दगड, त्यावर ३० सेंटीमीटर खडी, त्यावर बारीक खडीचा हातभर नाही, वीतभर थर, आणि सर्वांत वर ३० ते ४० सेंटीमीटर जाड रेती. रेती धुतलेलीच हवी. बादलीत घेऊन पाणी नितळ येईपर्यंत धुवा, न धुतलेली रेती स्वतःच गाळ सोडते. वरची साधारण ७० सेंटीमीटर जागा पाणी उभं राहायला मोकळी ठेवा. रेती आणि खडी यांच्यामध्ये नायलॉनची बारीक जाळी टाकली तर रेती खाली सरकत नाही. पहिल्या खड्ड्यातून दुसऱ्यात पाणी वरच्या काठाने जावं, तळातून नाही. आणि दुसऱ्या खड्ड्याला सांडवा असलाच पाहिजे. तो नसला की जोराच्या पावसात पाणी काठ फोडतं आणि रेतीसकट सगळं विहिरीत येतं. पहिल्याच वर्षी मोडणारे बहुतेक खड्डे यानेच मोडतात.

या खड्ड्याला किती शेत जोडायचं? एक हेक्टरवर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५ लाख लिटर. त्यातला चौथा हिस्सा वाहिला तर सव्वा लाख लिटर. खड्डा सेकंदाला २ लिटर गाळतो असं धरलं तर हे पाणी पूर्ण जायला १७ तास लागतील, आणि शेतातला प्रवाह तर दोन-तीन तासांत संपतो. म्हणून एका खड्ड्याला साधारण अर्ध्या एकराहून जास्त जोडू नये, किंवा वरच्या अंगाला बांध घालून पाणी थोपवून हळूहळू सोडावं. सव्वा लाख लिटर विहिरीत गेले तर सहा मीटर व्यासाच्या विहिरीची पातळी चारेक मीटर वर येते आणि पुढच्या दिवसांत खाली उतरते. ती उतरते म्हणजे काम होतंय. पाणी भेगांतून आजूबाजूच्या खडकात पसरतंय.

विहीर नसेल आणि नुसता शोषखड्डा करायचा असेल तर आधी जमीन चाचपून घ्या. खड्ड्याच्या तळाशी ३० सेंटीमीटर लांबी-रुंदीचं आणि ६० सेंटीमीटर खोल छोटं भोक घ्या. आदल्या दिवशी दोनदा पाण्याने भरून मुरू द्या. दुसऱ्या दिवशी ३० सेंटीमीटर पाणी ओतून दर अर्ध्या तासाला पातळी मोजा, सलग दोन आकडे सारखे येईपर्यंत. तासाला ५ मिलिमीटरहून कमी उतार म्हणजे तिथे खड्डा करण्यात अर्थ नाही. भिजलेली काळी माती एवढंच घेते. तासाला २५ मिलिमीटर चांगलं. पण चांगलं म्हणजे किती, तेही मोजून घ्या: २ बाय २ मीटरच्या तळातून तासाला १०० लिटर, दिवसाला २,४००. बाजूंनी थोडं अधिक. शोषखड्डे सांडपाण्याला आणि छपराच्या पाण्याला पुरतात. शेतातल्या पुराला ते पुरे पडत नाहीत, आणि तशी अपेक्षा ठेवून गावोगाव खणलेले खड्डे आज कचऱ्याने भरलेले दिसतात.

बोअरमध्ये सोडताना

बोअरच्या बाबतीत आमचा सल्ला कडक आहे. विहिरीत गाळ गेला तर माणूस उतरून काढतो. बोअरमध्ये गेला तर तो कायमचा. केसिंगभोवती, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाइपाभोवती, २ मीटर खोल खड्डा घेऊन, केसिंगला ४-५ मिलिमीटरची भोकं पाडून त्यावर जाळी गुंडाळून, मग वर सांगितलेले थर भरायचे, ही पद्धत पाषाणात चालते, पण पाणी छपराचं किंवा बांधात आठवडाभर निवळलेलंच असावं. चालू बोअरवर हा प्रयोग करू नये, सोडून दिलेल्या कोरड्या बोअरवर करावा.

गाळपट्ट्यात गोष्ट वेगळी आहे. तिथे वरच्या चिकणमातीच्या थराखाली कोरडी पडलेली रेती असते. त्या रेतीपर्यंत एक-दोन मीटर व्यासाची विहीर खणून ती गोट्यांनी आणि रेतीने भरली, तर पाणी थेट कोरड्या थरात पोहोचतं. ती भूजलाच्या पातळीपर्यंत नेऊ नये. खालची काही मीटर रेती गाळणीसारखी शिल्लक राहू द्यावी. इथे जुन्या नोंदी कामी येतात: कितव्या फुटावर रेती लागली होती हे माहीत नसेल तर विहीर चिकणमातीतच थांबते आणि नुसतं डबकं होतं.

कायद्याचंही भान ठेवावं. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा १ जून २०१४ पासून लागू आहे, आणि शेती वा उद्योगासाठी ६० मीटर म्हणजे सुमारे २०० फुटांहून खोल विहीर घ्यायला त्यात मनाई आहे. केळीपट्ट्यातली बोअरची खोली बघता हा नियम किती पाळला जातो हे कोणालाही दिसतं. पाणी मुरवण्याची जबाबदारी गावाची आणि खोल जाण्याची मुभा ज्याच्याकडे पैसा त्याला, असं जिथे चालतं तिथे उथळ विहिरीवाला आधी कोरडा पडतो.

नाला किती खोल करायचा

शिरपूर तालुक्यात २००४ पासून नाले रुंद आणि खोल करून त्यांवर एकामागे एक सिमेंट बंधारे बांधण्याचं काम झालं. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या नावाशी जोडलेली ही पद्धत शिरपूर पॅटर्न म्हणून राज्यभर गेली. शिरपूरच्या गाळाच्या आणि पायथ्याच्या जमिनीत तिला कारण होतं: वरचा चिकण थर कापला की पाणी खालच्या रेतीत उतरतं. तीच पद्धत पाषाणाच्या गावात डोळे झाकून उचलली की बिघडते. मुरूम हाच तिथला पाण्याचा साठा. तो यंत्राने खोदून काढला तर साठाच काढून टाकला. नाल्याचा तळ आजूबाजूच्या विहिरींच्या पातळीखाली गेला तर पावसाळा संपल्यावर नालाच विहिरींचं पाणी ओढून वाहू लागतो. पाषाणात फक्त साचलेला गाळ काढावा आणि मुरूम लागताच थांबावं. आधी आणि नंतर दोन्ही काठांवरच्या चार विहिरी मोजाव्यात.

बंधारे ओळीने असतील तर खालच्या बंधाऱ्याचं साठलेलं पाणी वरच्या बंधाऱ्याच्या पायाशी यावं इतकं अंतर. काढलेला गाळ काठावर रचला तर पहिल्याच पावसात तो परत आत येतो. तो शेतात पसरवावा.

नाल्यावर नाला अडवताना एक वाक्य हमखास कानावर येतं: तापीचं पाणी समुद्राला वाया जातं. ते वाया जात नाही. मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत जाणारी ही नदी सुरतेजवळ खंबातच्या आखाताला मिळते, आणि तिच्या गोड्या पाण्याचा जोर कमी झाला की भरतीचं खारं पाणी मुखातून वर चढतं. सुरतेतल्या सिंगणपूरच्या बंधाऱ्याचं एक काम ते खारं पाणी थोपवणं हेच आहे. पुरातला वाटा खान्देशाने जरूर मुरवावा. उन्हाळ्यातली नदीची शेवटची धार अडवणं मात्र वेगळं.

उन्हाळ्याचा विषय निघाला म्हणून शेततळ्याबद्दलही. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल तळं सुमारे २२ लाख लिटर धरतं. ते पावसाच्या वाहत्या पाण्याने भरलं तर उत्तम. पण प्लास्टिक अंथरून ते बोअरने भरलं, तर जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी आपण उन्हात आणून ठेवलं. मेमध्ये इथे रोज १० मिलिमीटरहून जास्त पाणी वाफेने उडतं. ९०० चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून ते रोजचे ९ हजार लिटर, महिन्याला २ लाख ७० हजार. तेवढ्या पाण्यात एक हेक्टर केळी पाच दिवस तगते.

फडाकडून घेण्यासारखं

पांझरेच्या काठी शतकांपासून चाललेली फड पद्धत अनेकांना ऐकून माहीत असते, पण तिची युक्ती क्वचित सांगितली जाते. नदीत बांधीव बंधारा, त्यातून पाट, पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात एकच पीक, आणि पिकांची फेरपालट ठरलेली. बहुतेक शेतकऱ्यांचा तुकडा प्रत्येक फडात. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा, त्यामुळे टंचाई सगळ्यांच्या वाट्याला सारखी येते. पाणी पाटकरी देणार, मालक स्वतः पाट फोडणार नाही.

भूजलाला असा पाट नसतो आणि कोण किती ओढतो ते दिसत नाही, म्हणून तिथे पाटकऱ्याचं काम वहीने करावं लागतं. अटल भूजल योजनेत जळगाव जिल्ह्यातल्या गावांनी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. तो मांडण्यासाठी लागतं ते एवढंच: गावातल्या दहा-बारा विहिरींची ऑक्टोबरची पातळी, गावाचं पर्जन्यमापक आणि रब्बीत कोण काय लावणार याची यादी. ऑक्टोबरची पातळी मागल्या वर्षीपेक्षा २ मीटर खाली असेल तर कांदेबागेची लागण किती एकरांवर थांबवायची, हा निर्णय नोव्हेंबरच्या आधी व्हायला हवा. केळी लागल्यावर तो घेता येत नाही.

खड्ड्याच्या निगेचं एक राहिलं. दोन-तीन पावसांनंतर रेतीवर राखाडी, चकचकीत साय धरते. तीच पाण्याची वाट बंद करते. ओली असताना खरवडायला गेलं की ती रेतीत आणखी खोल दाबली जाते. पावसाने दोन-तीन दिवस उघडीप दिली की ती वाळून पापडासारखी तडकते आणि कडांनी वर वळते. त्या दिवशी खुरप्याने अलगद उचलून टोपलीत भरावी, खालची दोन बोटं रेती काढून धुवून परत टाकावी, आणि वहीत तारीख लिहावी. दर मेमध्ये सगळी वरची रेती काढून धुवायची ती वेगळी.